आधी सरांची टेस्ट

४ फेब्रुवारी २०१३, सोमवार

आज सेंटरचं अंगण भरलं. चपला ठेवायला जागा उरली नाही. केसरबाईंनी स्वतः मोजून खात्री दिली, आणि केसरबाई आकडा फुगवणाऱ्यांतल्या नाहीत. दिवाळीनंतर याच अंगणात मी आणि घरमालकांचं मांजर एवढीच उपस्थिती असायची.

कारण उघड आहे. पुण्याचं ट्रेनिंग. तिथे ‘ऐकण्याचं कौशल्य’ शिकलो. परतल्यापासून समोरच्या बाईच्या डोळ्यांत बघतो, मान तिरकी करतो, मध्ये मध्ये ‘हं’ म्हणतो. एवढ्याशा गोष्टीने केवढा फरक पडतो.

आजपासून रोज लिहायचं. फक्त स्वतःसाठी. नोंद राहावी म्हणून: मी रामहरी, एम.एस.डब्ल्यू., मूळ देवगाव रंगारी, सध्या औरंगाबाद. एचआयव्ही प्रतिबंध प्रकल्पात काउन्सेलर. धंदा करणाऱ्या बायकांशी बोलायचं, निरोधची सवय लावायची, दर सहा महिन्यांनी रक्ततपासणीला घाटी हॉस्पिटलमध्ये पाठवायचं. सेंटर स्टेशनच्या मागे. पुंडलिकरावांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या, अंगण, मोरी, बोअर. केसरबाई आमच्या पिअर एज्युकेटर, म्हणजे पूर्वी त्याच धंद्यात, आता आमच्या पगारावर. बायकांना आणतात त्या. बदलतो मी.

७ फेब्रुवारी

केसरबाईंशी थोडा मतभेद. त्या म्हणाल्या, सर, रागावू नका, पण बायका पाण्यासाठी येतात. वस्तीत नळ चौथ्या दिवशी येतो, टँकरवर झिंज्या उपटायची पाळी येते, अन् पुंडलिकदादाच्या बोअरला अजून पाणी हाय.

मी ‘हं’ म्हणालो. यशाच्या अगदी जवळ उभ्या असलेल्या माणसाला यश दिसत नाही. बायका कळशा घेऊन येतात हे खरं. पण जानेवारीत ‘वेळेचं नियोजन’ या विषयावर मीच बोललो होतो. एका फेरीत दोन कामं करा, असं म्हणालो होतो. त्यांनी ऐकलं, इतकंच.

सूचना: सत्र चालू असताना मोटर बंद ठेवायची. आवाजाने लक्ष उडतं.

८ फेब्रुवारी

मोटर बंद ठेवली. सत्र संपेपर्यंत एकही बाई जागची हलली नाही. सगळ्यांचे डोळे माझ्यावर खिळलेले. मोटरचं बटण माझ्या डोक्याच्या बरोबर मागे आहे, हा योगायोग.

१२ फेब्रुवारी

महत्त्वाची केस हाती घेतली. आवडाबाई. चाळिशीच्या आतबाहेर. कन्नडकडच्या, माहेरी मेंढरं होती. बोलण्याला धार. निरोधबिगर कोण्या गिऱ्हाइकाला हात लावू देत नाय म्हणतात, आणि केसरबाई सांगतात ते खरं आहे.

पण सर्जेराव आहेत. सर्जेराव वाळूजच्या एका कंपनीची शिफ्टबस चालवतात. गेली काही वर्षं ड्यूटी संपली की आवडाबाईंच्या खोलीवर जेवायला येतात. त्यांच्यासोबत निरोध नाही. का, असं विचारलं. आवडाबाई म्हणाल्या, तो काय गिऱ्हाईक हाय का सर? त्याच्या हातात पाकीट ठेवलं तर इचारंल ना, मी कधीपासून गिऱ्हाईक झालो म्हणून. एकच माणूस हाय जो पैसे ठेवून जात नाय. भाजी घेऊन येतो.

दिवाळीपासून सर्जेरावांचा ताप जात नाही. खोकला आहे. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. आवडाबाई म्हणतात, उन्हानं. थंडीत सुरू झालेला ताप.

आवडाबाईंची स्वतःची तपासणी मागेच व्हायला हवी होती. सोमवारी जाते म्हणतात. कोणत्या सोमवारी ते सांगत नाहीत. काही निघालंच तर घाटीत औषध फुकट मिळतं आणि वेळेत सुरू केलं तर माणूस वर्षानुवर्षं कामावर जातो. उशीर झाला तर कोणीच काही सांगू शकत नाही. हे मी त्यांना मुद्देसूद समजावलं. त्यांनी शेवटी विचारलं की मोटर कधी सुरू होणार.

संकल्प: महिन्यात आवडाबाईंची टेस्ट. त्यानंतर सर्जेरावांची. त्यानंतर परिषदेत या केसवर माझा पेपर.

१३ फेब्रुवारी

घरी रोल-प्ले केला. सायलीला म्हणालो, तू सर्जेराव हो, मी आवडाबाई होतो, बघू बोलणं कसं होतं. ती कणीक मळत होती. मी पदर घेतल्यासारखं करून म्हणालो, अहो, मला तुमच्याशी एक बोलायचं आहे. सायली म्हणाली, टँकर आलाय, खालून दोन बादल्या आणा आधी.

निष्कर्ष: सर्जेराव विषय टाळण्याची दाट शक्यता आहे.

१९ फेब्रुवारी

आवडाबाईंसोबत दुसरं सत्र. टेस्टची भीती वाटते का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, भेव रक्ताचं नाय सर. खराब निघाली तर सर्जाला काय सांगू? अन् चांगली निघाली तर काहून केली म्हणून काय सांगू?

मी मान तिरकी केली.

मग त्यांनी विचारलं, तुमी केली का टेस्ट?

मी सांगितलं, मला जोखीम नाही. लग्न झालेलं आहे, व्यसन नाही, माळकऱ्याच्या घरातला आहे. त्या म्हणाल्या, व्हय, सर्जाबी असंच म्हणतो, फक्त माळ नाय त्याच्या गळ्यात. सगळ्या बायका हसल्या. मग म्हणाल्या, असं करा सर, आधी तुमची टेस्ट. तुमी करून या, चिठ्ठी दाखवा, दुसऱ्या दिवशी मी जाते. मेंढराच्या दुधाची आण.

साक्षीला अख्खं अंगण होतं. मी हो म्हणालो. उत्तम तंत्र आहे हे, ‘स्वतःच्या उदाहरणातून बदल’. कल्पना तशी माझीच म्हणायला हवी, कारण वातावरण मी तयार केलं होतं.

उद्याच जातो.

२० फेब्रुवारी

आज मीटिंग.

२२ फेब्रुवारी

गाडीत हवा कमी.

२५ फेब्रुवारी

सोमवार. घाटीत सोमवारी गर्दी असते, आणि खऱ्या गरजूंचा नंबर मागे जातो. नैतिकदृष्ट्या योग्य वाटलं नाही.

१ मार्च

आवडाबाई विचारत होत्या. मी म्हणालो, प्रक्रिया सुरू आहे.

६ मार्च

स्वतःशी स्पष्ट असावं म्हणून लिहितो. मला सुईची भीती नाही. सुईकडे बघण्याची थोडी आहे. मुख्य मुद्दा तो नाहीच. मुद्दा असा की तपासणीच्या त्या खोलीबाहेर बाकावर बसलं की येणारा-जाणारा बघतो. घाटीत आमच्या देवगावचं रोज कोणी ना कोणी असतं. उद्या गावात बोभाटा झाला तर माझं काम कोणाला समजावत बसू? सासरी मी ‘आरोग्याच्या प्रोजेक्टमध्ये’ आहे एवढंच सांगितलं आहे. सविस्तर सांगायची वेळ अजून आलेली नाही. लग्नाला सहाच वर्षं झाली आहेत.

बायकांचं वेगळं. त्यांना सवय असते.

(हे शेवटचं वाक्य ट्रेनिंगच्या दृष्टीने बरोबर नाही. खोडायचं आहे.)

१४ मार्च

आज गेलो.

सकाळीच घाटीत पोचलो. योग्य त्या मजल्यावर गेलो. बाकाच्या अलीकडे वळणावर आमच्या गल्लीतले धोंडिबाकाका उभे. डोळ्याला हिरवी पट्टी. एका डोळ्याने त्यांनी मला लगेच ओळखलं. अरे रामहरी, तू कामून इथं? मी म्हणालो, डोळे दाखवायला. काका खूश झाले. म्हणाले, रस्ता चुकलास, डोळ्याचं तिकडं हाय, मलाबी तिकडंच जायचंय, मला पायऱ्या दिसत नाहीत, धर हात. पुढचा सगळा वेळ त्यांनी हात सोडला नाही. माझा नंबरही त्यांनीच लावला.

चष्म्याचा नंबर निघाला. म्हणजे जाणं आवश्यकच होतं.

तांत्रिकदृष्ट्या मी आज घाटीत जाऊन तपासणी करून आलो.

१५ मार्च

आवडाबाईंना म्हणालो, मी तपासणी करून आलो. त्यांनी हात पुढे केला. चिठ्ठी. मी म्हणालो, गोपनीय असते. त्या म्हणाल्या, सर, तुमी आणलेली गोपनीय तर मी जाणारी कशाला? आणा.

चिठ्ठी काढावी लागली. केसरबाईंनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग अंगणाकडे तोंड करून म्हणाल्या, जवळचं दिसत नाय सरांना.

असं हसू सेंटरमध्ये पूर्वी ऐकलं नव्हतं. एक बाई तर बोअरच्या कट्ट्यावरच बसली. आवडाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, रगत द्यायला गेले अन् डोळे दाखवून आले. मग हसू थांबवून म्हणाल्या, तुमालाच भेव वाटतं, अन् मला काहून म्हणता, काही नसतं त्यात?

कळशी भरून गेल्या. टेस्टचं आज बोलणं झालं नाही.

विश्लेषण: क्लायंटने भावना मोकळ्या केल्या. हा महत्त्वाचा टप्पा असतो.

१८ मार्च

आवडाबाई पाणी भरतात, माझ्यासमोर बसत नाहीत. सर्जेरावांनी आठवडाभर सुट्टी काढल्याचं केसरबाईंकडून कळलं. सुट्टी म्हणजे पडून आहेत. बसवर दुसरा ड्रायव्हर आहे.

अस्वस्थ वाटतं. बसवत नाही. अंगणात फेऱ्या मारतो तर बायका म्हणतात, सर, बाजूला व्हा, रांग मोडते.

२० मार्च

दोष कशात आहे ते सापडलं. वातावरणात. मोटरची घरघर, बादल्या, रांग, भांडण, पुंडलिकरावांचा रेडिओ. अशा ठिकाणी मन कसं उघडेल? आवडाबाईंना शांतता हवी आहे. त्या तसं म्हणाल्या नाहीत, पण अशा गोष्टी कोणी म्हणत नसतं. ओळखायच्या असतात.

संस्थेचे सचिव आप्पासाहेब यांना फोन केला. मे महिन्यात मुंबईहून मूल्यांकनाची टीम येणार, त्यावर पुढच्या वर्षीचा प्रकल्प ठरणार, म्हणून तेही चिंतेत होते. मी म्हणालो, आपण मॉडेल काउन्सेलिंग सेंटर उभारू. आप्पासाहेब म्हणाले, अरे, पडेगावला दौलताबाद रोडवर आपल्या व्याह्यांची नवी स्कीम झालीय, खालचा हॉल रिकामाच पडलाय. फुकट देतील वर्षभर.

२२ मार्च

हॉल बघितला. डोळ्यांचं पारणं फिटलं. पांढऱ्या टाइल्स, काचेच्या खिडक्या, समोर उघडं माळरान, त्यात आणखी चार इमारतींचे खांब उभे राहिलेले. आवाज फक्त वाऱ्याचा. केसरबाईंना सोबत नेलं होतं. त्यांनी आधी नळ फिरवला. कोरडा. वॉचमन म्हणाला, लाइन मंजूर झाली, पाणी नाय झालं. वरच्या फ्लॅटवाल्यांना टँकर येतो.

केसरबाई म्हणाल्या, सर, इथं बायका येणार नाहीत. मी विचारलं, का? त्या म्हणाल्या, येऊन करतील काय?

हाच तर प्रश्न आहे. तिकडे काहीतरी करायला येत होत्या, इथे फक्त स्वतःसाठी येतील.

१० एप्रिल

उद्या पाडवा. मुहूर्तावर हलवतो. पुंडलिकराव फार हळवे झाले. म्हणाले, साहेब, बोअरला पाणी हाय तोवर तरी ऱ्हा. माझ्यावर त्यांचा इतका जीव आहे हे ठाऊक नव्हतं. जुन्या अंगणात पाणी भरायला बायकांना मनाई करणार का, असं केसरबाईंनी विचारल्यावर ते म्हणाले, पाणी कोणाच्या बापाचं हाय?

टेबल, खुर्च्या, पोस्टर, लाकडी मॉडेल, सगळं टेम्पोत गेलं.

१५ एप्रिल

पडेगाव. कोणी नाही. स्थिरावण्याचा काळ.

१८ एप्रिल

कोणी नाही. लग्नसराई.

२३ एप्रिल

कोणी नाही. ऊन. रिक्षावाले स्टेशनहून इकडे यायला का-कू करतात.

वॉचमनशी दीर्घ सत्र झालं. त्याने तंबाखू कमी करण्याचं मान्य केलं. तंबाखू आपल्या प्रकल्पात येत नाही, तरी बदल तो बदल.

२९ एप्रिल

केसरबाई हल्ली पडेगावला उशिरा येतात, लवकर जातात. विचारलं तर म्हणतात, तिकडं बसते पुंडलिकदादाच्या अंगणात, बायका तिथंच भेटतात ना. मी सांगितलं की शिस्त महत्त्वाची. त्या म्हणाल्या, व्हय सर.

आवडाबाईंबद्दल विचारलं. सर्जेराव पुन्हा बसवर चढले, पण वाळूजपर्यंत जाता जाता बस दोनदा बाजूला घ्यावी लागते, खोकल्यामुळे. आवडाबाई रात्रंदिवस काढा करतात. टेस्टचं नाव काढलं की उठून जातात.

मी त्यांना निरोप पाठवला, इथे फार शांत आहे. उत्तर आलं, मग झोपा.

८ मे

मूल्यांकन टीम सतरा तारखेला. आप्पासाहेबांचा फोन. बायका किती येतात रे तिकडे? मी म्हणालो, गुणवत्तेवर भर आहे. ते म्हणाले, रामहरी, हॉल भरलेला दिसला पाहिजे, नाहीतर तुझ्यासकट सगळं बंद.

यात काय अवघड आहे? केसरबाईंना सांगितलं, सतराला सगळ्यांना गाडी करून आणा. आवडाबाईंना नक्की. टीमसमोर त्यांना टेस्टसाठी तयार करून दाखवतो. प्रात्यक्षिक.

केसरबाई म्हणाल्या, तिचं प्रात्यक्षिक करू नका सर. तिच्या घरात माणूस आजारी हाय.

मुद्दा समजला. नाव न घेता करीन.

१६ मे

पाहुण्यांना हात धुवायला तरी पाणी हवं म्हणून टँकर सांगितला. हॉलसमोरच उभा करायला लावला आहे. सायलीने विचारलं, आपल्या घरीबी एक सांगता का? म्हणालो, कार्यक्रम होऊ दे.

झोप लागत नाही. भाषण पाठ आहे.

१७ मे, दुपार

लगेच लिहितो, म्हणजे पुढे कोणी विपर्यास करायला नको.

उपस्थिती विक्रमी होती. हे टीमनेही पाहिलं.

घडलं असं. टीम वेळेआधी आली. दोन मॅडम, एक सर. तेवढ्यात टँकर आला. बघता बघता हॉलच्या दारात बायकांची गर्दी, हातात बादल्या, हंडे. माझा ऊर भरून आला. केसरबाईंनी शब्द पाळला, असं वाटलं. मी सगळ्यांना आत बोलावलं. पाणी नंतर, आधी दहा मिनिटं इथे बसा. बसल्या. एक म्हणाली, नाव लिहून घेतल्यावरच पाणी मिळणार का? मी म्हणालो, नाव सांगायची गरज नाही, इथे सगळं गोपनीय आहे. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. लाजणं स्वाभाविक आहे.

मी सुरुवात केली. म्हणालो, तुम्ही जो व्यवसाय करता त्यात कमीपणा काही नाही. एक बाई म्हणाली, मी बालवाडीत शिकवते. मी म्हणालो, दिवसा काहीही करत असाल. मग लाकडी मॉडेल काढलं आणि निरोध कसा वापरावा ते दाखवलं. अंगात जोर आला होता. म्हणालो, गिऱ्हाइकासोबत तर वापराच, पण घरी येणाऱ्या खास माणसासोबतही वापरा, त्याला आज रात्रीच विचारा की तो कुठे कुठे जातो.

बालवाडीच्या बाईंनी पर्समधून मोबाइल काढला.

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबल्या. केसरबाई उतरल्या. त्यांच्यामागे आमच्या बायका. केसरबाईंनी आत डोकावलं, मॉडेलकडे बघितलं, मग बायकांकडे. माझ्या कानाशी येऊन हळू म्हणाल्या, सर, ह्या वरच्या फ्लॅटमधल्या हायेत.

१७ मे, संध्याकाळ

सोसायटीचे अध्यक्ष आणि बरेच नवरे येऊन गेले. आवाज चढले होते, हात नाहीत. वॉचमन मध्ये पडला. तंबाखूची कृतज्ञता असावी.

टीममधल्या एका मॅडमना हसू आवरलं नाही. दुसऱ्या फक्त लिहीत होत्या. आमच्या बायकांनी दरम्यान टँकरचं पाणी रिक्षात भरून घेतलं.

आवडाबाई आल्या नव्हत्या.

सकारात्मक बाजू: सर्वसामान्य महिलांपर्यंतही संदेश पोचला. असं काम आपल्याकडे फारसं होत नाही.

१८ मे

आप्पासाहेबांच्या व्याह्यांनी हॉल परत घेतला. खुर्च्या बाहेर माळावर ठेवल्या आहेत. टेम्पो मिळेपर्यंत मी त्यातल्याच एकीवर बसून होतो.

२२ मे

आप्पासाहेबांनी बोलावलं. टीमचा तोंडी शेरा सांगितला. स्टेशनमागे पुंडलिकरावांच्या अंगणात सेंटरचं काम ‘चांगलं चालू आहे’, निरोधवाटप, रक्ततपासणीला पाठवणं, सगळं वेळेवर. टीम परत जाताना केसरबाईंसोबत तिथे गेली होती. पडेगावबद्दल ‘पुनर्विचार व्हावा’. आणि काउन्सेलरबद्दलही.

मी विचारलं, सेंटर तर आपण हलवलं होतं ना? आप्पासाहेब म्हणाले, तू हलवलंस, रामहरी.

२३ मे

जुन्या अंगणात परत. पोस्टर लावली. बोअरचं पाणी खोल गेलं आहे, मोटर धापा टाकते, रांग लांबली आहे. बायकांनी मला बघून जागा करून दिली. रांगेत.

बटणाचं काम माझ्याकडे दिलं आहे. चालू, बंद.

२७ मे, सोमवार

आवडाबाईंचं रक्त तपासणीला गेलं. सर्जेरावांचंही. केसरबाई दोघांसोबत होत्या, त्यांनीच सांगितलं. दुपारी आवडाबाई स्वतः अंगणात आल्या तेव्हा त्यांनीही दुजोरा दिला. दंडाच्या आतल्या बाजूला कापूस चिकटवलेला होता.

कसं झालं, असं मी विचारलं. माझ्या कोणत्या सत्राचा उपयोग झाला, हे पेपरसाठी कळायला हवं. आवडाबाई म्हणाल्या, सत्राचा नाय. मागच्या आठवड्यात सर्जाला ताप लई चढला. जेवेना, बोलेना. त्याला हसवायचं म्हणून तुमची गोष्ट सांगितली. रगत द्यायला गेले अन् डोळे दाखवून आले. मग पडेगावची सांगितली. तो इतका हसला की खोकलाच लागला. खोकता खोकता म्हणाला, आवडे, मलाबी तेच भेव हाय. मी गेल्या साली तिथपर्यंत जाऊन माघारी आलो. मग मी म्हणलं, मी पण. सकाळी तोच म्हणाला, चल.

मी ‘हं’ म्हणालो नाही.

रिपोर्ट उद्या मिळणार. काय निघेल कोणालाच माहीत नाही. आवडाबाईंना तिथे आपलं माणूस हवं आहे. केसरबाईंना त्यांनी सांगितलं, तू ये. मग म्हणे थोडा विचार केला आणि म्हणाल्या, सरांनाबी आण. पण बोलू देऊ नको.

घरी आल्यावर तिथे काय बोलायचं याचे मुद्दे काढले. धीर, औषधाची माहिती, पुढची दिशा. सायलीने वाचले. कागद परत दिला. मग मीच तो फाडला.

माझं रक्तही उद्याच द्यायचं आहे. केसरबाईंनी परस्पर ठरवलं. रांग एकच आहे म्हणाल्या. रिकाम्या पोटी जावं लागेल का, असा विचार आला. लागत नाही. ते मीच सगळ्यांना सांगत असतो.

सर्जेराव शिफ्ट दुसऱ्याला देऊन येणार आहेत. आवडाबाई त्यांच्या डाव्या बाजूला बसतील, मी उजव्या. नाव पुकारल्यावर उठताना सर्जेरावांना चक्कर आली तर दंडाला धरायचं, एवढं काम माझ्याकडे आहे. अकरा वाजता.